बिनगिअरच्या गाडीचे तेल

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च, घसारा आणि ताळेबंद यांच्याशी माझा रोजचा संबंध. यंत्रांशी फारसा नाही. तरीही मोटारीच्या तेलासारखा विषय मी या अंकासाठी निवडला, याला आमच्या घरी घडलेला एक प्रसंग कारण आहे.

वडिलांचा डावा गुडघा दुखू लागला आणि त्यांना क्लच दाबणे अशक्य झाले. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही सी.व्ही.टी. असलेली एक जुनी मोटार घेतली. वर्षभराने ती एका गॅरेजमध्ये तेल बदलायला दिली. कोणते तेल घालता, असे वडिलांनी विचारले तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, "एल्ला ओंद री!" म्हणजे, सगळे एकच हो! महिन्याभरात नृपतुंग बेट्टाची चढण चढताना गाडी थरथरू लागली. इंजिन ओरडे, पण वेग वाढेना. दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रींनी चौकशी केली तेव्हा कळले की, आत साध्या ऑटोमॅटिक गाडीचे तेल गेले होते. "सगळे एकच" का नाही, हे समजून घेण्याचा नाद मला तेव्हापासून लागला.

सी.व्ही.टी. म्हणजे वेगाचे प्रमाण अखंडपणे बदलणारी रचना. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा असे ठरावीक गिअर नसतात. दोन पुली असतात आणि त्यांवरून एक पट्टा फिरतो. प्रत्येक पुली दोन उतरत्या तबकड्यांची बनलेली असते. तबकड्या जवळ आल्या की पट्टा कडेकडे सरकतो, लांब गेल्या की मध्याकडे उतरतो. एका पुलीवर पट्टा वर चढतो तेव्हा दुसरीवर खाली येतो. गिअरच्या सायकलला पाच-सहा चक्रे असतात. येथे जणू अगणित चक्रे आहेत, असे समजावे.

ही कल्पना मोटारीत रुजवली ती हॉलंडच्या डाफ कंपनीने, 1958 साली. तो पट्टा रबराचा होता. आपल्याकडे हीच रचना घरोघर पोचवली ती स्कूटरने. पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी 1984 साली भागीदारी केली आणि कायनेटिक होंडा ही बिनगिअरची स्कूटर रस्त्यावर आली. पुढे 1987 साली जपानच्या सुबारू जस्टी या मोटारीत पोलादी पट्टा आला. आजच्या बहुतेक सी.व्ही.टी. मोटारींत असाच पोलादी पट्टा असतो.

येथे एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. स्कूटरचा रबरी पट्टा कोरडा चालतो. त्याला तेल लागले तर तो घसरतो. मागच्या चाकाजवळच्या लहान गिअरपेटीत तेवढे थोडेसे तेल असते. मोटारीचा पोलादी पट्टा मात्र तेलातच चालतो, आणि खरी गंमत तेथेच आहे. वंगण घालायचे ते घर्षण कमी व्हावे म्हणून, अशी आपली समजूत. पण पट्टा पुलीवर घसरला तर गाडी पुढे जाणार कशी? म्हणून हे तेल वंगणही करते आणि पोलादाला पोलादावर पकडही मिळू देते. शिवाय पुलीच्या तबकड्या दाबून धरणारा दाब त्याच तेलातून येतो आणि आतली उष्णताही तेच वाहून नेते. साध्या ऑटोमॅटिकच्या तेलाचे गुणधर्म या पट्ट्याच्या पकडीसाठी ठरवलेले नसतात. मग पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि ते ओरखडे पुढे कोणत्याही तेलाने बुजत नाहीत.

तेव्हा निवड कशी करावी? गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले नेमके नाव पाहावे. होंडाच्या कित्येक गाड्यांना एच.सी.एफ.-2 लागते, निसानमध्ये आधी एन.एस.-2 होते, नंतर एन.एस.-3 आले, टोयोटाचे सी.व्ही.टी.एफ. एफ.ई. आहे. एकाच कंपनीची पिढी बदलली की तेल बदलते, म्हणून नुसते कंपनीचे नाव पुरत नाही. रंगावरूनही ठरवू नये. दुसऱ्या कंपनीचे तेल घ्यायचेच झाले, तर आपल्या गाडीचे तेलनाम डब्यावर स्पष्ट छापलेले असावे.

बदलताना गाडी सपाट जागी हवी. निघालेले तेल मापात धरावे आणि तेवढेच नवे घालावे. ड्रेन बोल्टचा वायसर नवा घालावा. बोल्टावर वा आतल्या लोहचुंबकावर बारीक राखाडी गाळ असला तर घाबरू नये. धातूचे कपचे दिसले तर मात्र काळजीचे. शेवटी पातळी तपासायची ती पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला. काही गाड्यांत ते 35 ते 45 अंश सेल्सिअस असते. थंड आणि गरम तेलाची पातळी सारखी नसते. जास्त तेलही कमी तेलाइतकेच वाईट.

आणखी एक गोष्ट. बोल्ट काढल्यावर सगळे तेल बाहेर येत नाही. बरेचसे आतच राहते. समजा, निम्मे निघाले. एकदा बदलल्यावर जुने निम्मे उरेल, दुसऱ्यांदा पाव, तिसऱ्यांदा एक अष्टमांश. घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढावा तसाच हा हिशेब! आमच्या दुसऱ्या मिस्त्रींनी मध्ये मध्ये गाडी चालवून तीन वेळा तेल बदलले, ते याचसाठी. थरथर थांबली. नशीब, ओरखडे उठण्याआधीच आम्ही जागे झालो.

काही विक्रेते सांगतात की हे तेल जन्मभराचे असते. पण जन्म कोणाचा, गाडीचा की वॉरंटीचा, हे विचारावे. उष्णतेने तेल झिजते. अनमोड किंवा अरबैल घाटातून भरलेली गाडी वारंवार नेणाऱ्याने, अथवा हुबळी-धारवाडच्या गर्दीत रोज थांबत-चालत जाणाऱ्याने, पुस्तिकेत खडतर वापरासाठी दिलेली कमी अंतराची मुदत पाळावी.

आमच्या शास्त्रात खर्चाचे दोन प्रकार शिकवतात: महसुली आणि भांडवली. वेळेवर योग्य तेल घालणे हा महसुली खर्च; तो टाळला की एक दिवस संपूर्ण गिअरपेटीचा मोठा खर्च दारात उभा राहतो. आता गॅरेजमध्ये जाताना वडील गाडीची पुस्तिका बरोबर नेतात, आणि डब्यावरचे नाव स्वतः वाचल्याशिवाय झाकण उघडू देत नाहीत.