नवा रकाना आणि जुना आराखडा

मधुमेही रुग्णांच्या नोंदवहीची जागा अनेक दवाखान्यांत आता संगणकाने घेतली आहे. वय, रक्तदाब, रक्तशर्करा हे सारे डेटाबेसमध्ये साठते आणि मासिक गोषवारा एक्सेलच्या पॉवर पिव्हटमध्ये रचलेल्या ‘डेटा मॉडेल’वरून निघतो. समजा, मूत्रपिंडाच्या कार्याची नोंद हवी म्हणून डेटाबेसमध्ये ‘ईजीएफआर’ हा रकाना जोडला. ‘रिफ्रेश’ केले, नवे रुग्ण आले, रकाना मात्र आला नाही!

थेट डेटाबेसमधून टेबल आणताना जे रकाने होते, तेवढेच मॉडेल ओळखते. रिफ्रेशने त्यांतील माहिती ताजी होते, आराखडा बदलत नाही. मुळातला रकाना काढून टाकला तर रिफ्रेश त्रुटी दाखवून अडते. नवा जोडला तर अवाक्षर काढत नाही. हे मौनच अधिक घातक, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अशा वेळी पॉवर पिव्हटच्या ‘डिझाइन’ विभागातील ‘टेबल प्रॉपर्टीज’ उघडून नव्या रकान्यावर खूण करावी व बदल जतन करावा. माहिती पॉवर क्वेरीमार्गे येत असेल, तर ठरावीक रकाने निवडणारी तेथील पायरी सुधारावी लागते.

खरी मेख पुढेच आहे. जुन्या नोंदींत हा रकाना रिकामा असतो. ईजीएफआर ६० पेक्षा कमी असलेले रुग्ण किती, असे विचारल्यास एसक्यूएल डेटाबेस रिकाम्या जागा वगळतो. पॉवर पिव्हटची ‘डॅक्स’ भाषा मात्र तुलनेत रिक्त जागेस शून्य मानते, आणि शून्य तर ६० हून कमीच! म्हणजे ज्यांची तपासणीच झाली नाही, ते सारे मूत्रपिंडविकाराच्या यादीत जाऊन बसतात. सरासरी काढताना हीच भाषा रिक्त जागा सोडून देते. त्यामुळे सरासरी निर्दोष दिसते आणि संशयही येत नाही. अशा यादीच्या भरवशावर कोणी मेटफॉर्मिनची मात्रा कमी केली तर?

यास्तव सूत्रात ‘इझब्लँक’ वापरून रिक्त नोंदी आधी बाजूला काढाव्यात आणि त्यांची संख्या गोषवाऱ्यात स्वतंत्र ओळीत द्यावी. तपासणीसाठी किती जणांना बोलवायचे, हे त्या ओळीवरूनच कळते.