लोकदुःख (भाग ६) : तेरवीनंतरचे घर

पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला. त्यात ४० जवानांना वीरमरण आले. त्यांपैकी दोघे बुलडाणा जिल्ह्याचे होते : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. नांदुरा आणि मलकापूर हे शेजारचे तालुके एकाच महामार्गावर आणि भुसावळ–बडनेरा या एकाच लोहमार्गावर आहेत. सोयरिकींनी आणि बाजारहाटाने बांधलेले आहेत. अशा गावांत काश्मीरमधली बातमी शेजारची मयत होऊन येते.

नांदुऱ्याच्या एका वाचकाने प्रश्न विचारला आहे : अंत्ययात्रेला लोटणाऱ्या गर्दीने घरच्यांचे दुःख हलके होते की अधिक जड?

माद्रिदमध्ये ११ मार्च २००४ रोजी रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर लाखो लोक रस्त्यावर उतरले. पुढे झालेल्या अभ्यासात असे दिसले, की मोर्चात गेलेल्यांच्या भावना सुरुवातीला अधिक तीव्र झाल्या. रडू आणि संताप दोन्ही वाढले. मात्र काही आठवड्यांनी त्याच लोकांना इतरांपेक्षा अधिक आधार आणि आपलेपणा जाणवत होता. गर्दीने दुःख कमी होत नाही, एकटेपणा कमी होतो. हा अभ्यास मोर्चेकऱ्यांचा होता, मृतांच्या कुटुंबीयांचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

गर्दीच्या दुःखाला मुदतही असते. समाजशास्त्रज्ञ रँडल कॉलिन्स यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत घरांवर व मोटारींवर लागलेल्या झेंड्यांची नोंद ठेवली. एकजुटीचा भर दोन-तीन महिने टिकला आणि सहा ते नऊ महिन्यांत व्यवहार पूर्ववत झाले. चौकातला श्रद्धांजलीचा फलक उतरतो, तेव्हा घरातल्या बाईचे पहिले वर्षही सरलेले नसते.

वऱ्हाडातील रिवाजाला हे ठाऊक असावे. मयतीला बोलावणे लागत नाही. माणूस आपण होऊन जातो. त्या घरात चूल पेटत नाही आणि शेजारपाजारहून, भावकीतून भाकरी येते. राख सावडणे, दहावा, तेरवी अशी कामे एकामागून एक येत राहतात आणि घराला रिकामे बसू देत नाहीत. पण तेरवी झाली की पाहुणे पांगतात. दहशतवादी हल्ल्यातल्या मृत्यूत हे पांगणे अधिक लागते, कारण आदल्या दिवसांत दारात मंत्री, कॅमेरे आणि घोषणा असतात.

यातच न उघडलेल्या शवपेटीचा प्रश्न येतो. स्फोटात गेलेल्या माणसाचा चेहरा अनेकदा दाखवता येत नाही. डोळ्यांनी न पाहिलेला मृत्यू मन सहजी मान्य करत नाही. फोन वाजला की आई दचकते, महिने गेले तरी. अशा वेळी ‘आता विसरा’ म्हणणारा नको, तीच हकीकत दहाव्यांदा ऐकणारा हवा.

घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती. जागतिक आरोग्य संघटना आज ती वापरू नका असे सांगते. बोलायचे त्याने बोलावे, गप्प राहायचे त्याने गप्प राहावे. जवळच्यांनी सुरक्षितता, झोप, जेवण आणि अडलेली कामे पाहावीत. निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी सोबत तहसीलला जाणारा दीर किंवा शेजारी मोठा आधार असतो. स्फोटाच्या चित्रफिती मात्र त्या घरासमोर नकोत, आणि इतरांनीही त्या आवराव्यात. बॉस्टन मॅरेथॉनमधील २०१३ च्या स्फोटांनंतर, आठवडाभर रोज सहा तासांहून अधिक वेळ त्या बातम्यांत घालवणाऱ्यांत प्रत्यक्ष तेथे हजर असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताण आढळला होता.

दुःख किती काळ चालावे याचा ठोकताळा नाही. तरी सहा महिने उलटूनही ते तसेच तीव्र असेल, रोजचे जगणे अडत असेल आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षाही ते लांबले असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे वर्गीकरण त्याला उपचारांची गरज असलेली अवस्था मानते. रीतीचा हा उल्लेख त्या व्याख्येतच आहे, हे विशेष. मदतीसाठी २०२२ पासून टेली-मानस या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

वर्षाने आणखी एक अडचण येते. देश तारीख पाळतो, तिथी मानणारे घर तिथी. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी माघ शुद्ध नवमी होती. २०२० मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच आली. म्हणजे घरात वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर दहाबारा दिवसांनी तोच ताफा, तोच रस्ता पुन्हा दूरदर्शन संचावर दिसतो. त्या दिवशी श्रद्धांजली सभेला जाण्यापूर्वी कोणी तरी त्या घरी चहाला जाऊन बसावे.