एका माणसाच्या तिजोरीत अख्खं रोम

कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण आज आपल्याला एका माणसाची संपत्ती मोजायची आहे. नाव मार्कस लिसिनियस क्रॅसस. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमचा सरदार, कॉन्सल म्हणजे प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च पदावर दोनदा निवडून आलेला. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सुरुवातीला क्रॅससकडे ३०० टॅलेंट होते. शेवटच्या मोहिमेआधी त्याने हिशेब केला, तेव्हा ते ७,१०० झाले होते!

एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. ७,१०० टॅलेंट म्हणजे एकशे पंच्याऐंशी टन! ही काही एका खोलीत रचलेली चांदी नव्हती. जमिनी, इमारती, खाणी आणि गुलाम यांची ती किंमत. पण क्षणभर समजू की सगळी चांदीच आहे. ती वितळवून गावातल्या सोळा फूट रुंदीच्या विहिरीत ओतली, तर तळापासून तीन फूट चांदी भरेल. विहिरीत उतरलेला माणूस कंबरेपर्यंत चांदीत!

आता तिची नाणी पाडू. एका टॅलेंटचे ६,००० देनारियस, म्हणजे एकूण ४ कोटी २६ लाख नाणी. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजत बसलात तरी ४९३ दिवस लागतील. देनारियस साधारण १८ मिलिमीटर रुंद. मुंबईच्या सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने नाण्याला नाणं लावत निघा. पुणे येईल, १९२ किलोमीटर. नाणी संपलेली नाहीत. परत मुंबईला या. पुन्हा पुण्याला जा, पुन्हा मुंबईला या. तेव्हा कुठे थैली रिकामी होईल!

रुपयांत किती? हिशेबाला सोपा म्हणून चांदीचा भाव किलोला एक लाख धरू. १,८५० कोटी रुपये होतात. एवढेच? थांबा, नुसत्या धातूच्या भावावरून त्या काळचा पैसा कळत नाही, तो माणसाच्या घामाने मोजावा लागतो. रोमन शिपायाचा वर्षाचा पगार होता सुमारे ११२ देनारियस. क्रॅससइतकं कमवायला त्याला, एक दमडी खर्च न करता, पावणेचार लाखांहून जास्त वर्षं नोकरी करावी लागली असती. आपल्या मानवजातीचे सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे! त्या शिपायाला आज महिना पंचवीस हजार मिळतात असं धरलं, तर क्रॅससची संपत्ती ११ हजार कोटींच्या पुढे जाते.

आली कुठून ही संपत्ती? सेनापती सुल्ला रोमचा हुकूमशहा झाला आणि विरोधकांच्या नावांच्या याद्या लागल्या. ज्याचं नाव यादीत, त्याचा जीव गेला आणि मालमत्ता लिलावात निघाली. क्रॅससने ती कवडीमोलाने उचलली. मग आगी. दाटीवाटीच्या रोममध्ये घरं सतत पेटत. एक घर जळतंय, शेजारचा धास्तावलेला. तेवढ्यात क्रॅससचा भाव येतो, आणि दोन्ही घरं मातीमोलाने विकली जातात. ती पुन्हा उभी करायला पदरी पाचशेहून अधिक गुलाम गवंडी आणि वास्तुकार. प्लुटार्क म्हणतो, रोमचा बहुतेक भाग असा त्याच्या हाती आला.

या आकड्यांत एक आकडा असा आहे की तो सांगताना आवाज खाली येतो. इ.स.पू. ७१ मध्ये क्रॅससने स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचं गुलामांचं बंड मोडलं. पकडलेल्या ६,००० जणांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रूसावर चढवलं. हे अंतर सुमारे १९५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपलं मुंबई-पुणे रेल्वेचं अंतर! डेक्कन क्वीन ते सव्वातीन तासांत कापते. दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, घाट, लोणावळा, पुणे. या साऱ्या वाटेवर खिडकीतून दर दोन सेकंदांना एक क्रूस, आणि त्यावर एक माणूस.

पुढच्याच वर्षी तो कॉन्सल झाला आणि त्याने जेवणावळ घातली: १०,००० मेजं! एका मेजाभोवती नऊ माणसं ही रोमन रीत धरली तर नव्वद हजार पानं. बहात्तर बर्थचे चोवीस डबे जोडलेल्या बावन्न गाड्या भरतील एवढे पाहुणे! शिवाय प्रत्येक नागरिकाला तीन महिन्यांचं धान्य.

कर्जात बुडालेल्या ज्युलियस सीझरला सावकार स्पेनला जाऊ देईनात, तेव्हा क्रॅसस ८३० टॅलेंटना जामीन राहिला. चव्वेचाळीस हजार शिपायांचा वर्षाचा पगार, एका माणसाच्या शब्दावर! पुढच्याच वर्षी क्रॅसस, सीझर आणि सेनापती पॉम्पे या तिघांनी सत्ता आपसांत वाटून घेतली.

आता सगळ्यांत मोठा आकडा. पॉम्पेने पूर्वेकडचे प्रदेश जिंकण्यापूर्वी रोमच्या सरकारचं वर्षाचं करांचं उत्पन्न होतं सुमारे ५ कोटी देनारियस. क्रॅससकडे ४ कोटी २६ लाख, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी! आपल्या केंद्र सरकारची कर्जाशिवायची जमा २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात सुमारे ३५ लाख कोटी रुपये होती. त्या प्रमाणात हा माणूस तीस लाख कोटींचा धनी ठरतो! पाळण्यातल्या बाळासकट प्रत्येक भारतीयाच्या वाट्याचे वीस हजारांहून जास्त रुपये एकाच घरात!

आपल्या उत्पन्नावर फौज पोसता येत नाही तो श्रीमंत नव्हे, असं क्रॅसस म्हणत असे. साठीच्या घरात त्याने सात लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, घेऊन पूर्वेकडच्या पार्थियन साम्राज्यावर चाल केली. इ.स.पू. ५३, कॅऱ्हेची लढाई. समोर पार्थियन सेनापती सुरेनाचे जेमतेम दहा हजार घोडेस्वार. रोमन वाट पाहत राहिले, आता बाण संपतील, मग संपतील. पण पार्थियनांच्या मागे बाणांचे भारे लादलेले उंट उभे होते. वीस हजार रोमन ठार, दहा हजार कैद. क्रॅससचा मुलगा पडला, मग स्वतः क्रॅससही.

क्रॅसस गेला, तिघांतले दोघेच उरले, आणि चारच वर्षांत सीझरने फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडून यादवी सुरू केली. इ.स.पू. २७ मध्ये सीझरचा वारस ऑगस्टस सर्वेसर्वा झाला, आणि इ.स.पू. ५०९ पासून चालत आलेलं प्रजासत्ताक नावापुरतं उरलं. म्हणून कुठल्याही प्रजासत्ताकाची नाडी पाहायची असेल, तर तिथल्या सर्वांत श्रीमंत माणसाची वही सरकारी खजिन्याच्या वहीशेजारी ठेवून पाहा. दोन्ही आकडे एकमेकांना भिडू लागले, की राज्य मतदारांचं राहत नाही.