भांडणारा नको, लिहिणारा वकील हवा

हार्बर मार्गावर बेलापूर आणि खारघर ही लागोपाठची स्थानके, पण त्या दोहोंच्या मध्ये जिल्हा बदलतो. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर पनवेल तालुक्यात म्हणजे रायगडात. सिडकोने 1970 पासून उभारलेले नवी मुंबई हे शहर राहणाऱ्याला सलग वाटते, न्यायालयाच्या हद्दी मात्र आजही जिल्ह्याच्या रेषेवरून चालतात. नेरूळच्या एका आणि कामोठ्याच्या एका जोडप्याने घटस्फोट घ्यायचे ठरवले, तर त्या दोन जोडप्यांच्या याचिका एकाच दाराने आत जात नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 नुसार लग्न कुठे लागले, नवरा-बायको शेवटचे एकत्र कुठे राहिले आणि ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तो आता कुठे राहतो, यावर न्यायालय ठरते. 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नी याचिका करणार असेल तर तिच्या राहत्या ठिकाणीही ती करता येते. त्यामुळे घणसोली-कोपरखैरण्यातल्या माथाडी कुटुंबातली सून साताऱ्याला माहेरी परतली, तर दावा साताऱ्यातही उभा राहू शकतो. बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही हाच कायदा लागू आहे. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांचे, मुस्लिमांचे आणि ख्रिस्ती लोकांचे कायदे वेगळे. हे सगळे पहिल्या भेटीत विचारून घेणारा वकील आणि ते न विचारता ‘काळजी करू नका, केस आपलीच’ असे सांगणारा वकील, यांच्यातला फरक तिथेच दिसतो. माझे म्हणणे या फरकाभोवतीच फिरते.

घटस्फोटासाठी वकील शोधताना नातेवाईक आणि मित्र सहसा दोन गुण सांगतात. एक, वकील कडक आहे, समोरच्याला घाम फोडतो. दुसरा, लवकर मोकळे करून देतो. दोन्ही अपेक्षा समजण्यासारख्या आहेत, कारण माणूस त्या दिवसांत रागाने आणि थकव्याने भरलेला असतो. पण कौटुंबिक न्यायालयाची रचनाच या अपेक्षांच्या विरुद्ध आहे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम 13 सांगते की पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क म्हणून दावा करता येत नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. कलम 9 न्यायाधीशावरच तडजोडीचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकते. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत त्यासाठी विवाह समुपदेशक असतात आणि तिथे बोलायचे असते ते नवरा-बायकोने. म्हणजे आवाज चढवणाऱ्या वकिलासाठी या व्यवस्थेत जागा मुळातच थोडी. वकिलाचे खरे काम कागदावर होते: याचिका, शपथपत्र, अंतरिम अर्ज, त्यावरचा ‘से’ म्हणजे लेखी उत्तर, आणि शेवटी संमतीच्या अटी, ज्यांना न्यायालयात सगळे ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम 13-ब 1976 मध्ये हिंदू विवाह कायद्यात आले. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून याचिका करायची, मग सहा महिने थांबायचे, आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे. ‘वेगळे राहणे’ म्हणजे वेगळ्या छपराखाली राहणेच नव्हे; पती-पत्नी म्हणून एकत्र नसणे पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये म्हटले आहे. दोन हप्ते आणि एकच वन-बीएचके असलेल्या या शहरात ही गोष्ट अनेकांना ठाऊक असायला हवी. सहा महिन्यांची अट माफ होऊ शकते, हेही 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने स्पष्ट झाले. पण ती माफी कशाच्या जोरावर मिळते, ते पाहावे. दोघे पुरेसा काळ वेगळे राहिलेले असावेत, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा यांसारखे सगळे प्रश्न खरोखर मिटलेले असावेत. क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि त्याची पत्नी धनश्री वर्मा यांच्या प्रकरणात मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमका हाच मुद्दा आला. ठरलेल्या 4.75 कोटींपैकी 2.37 कोटीच दिले गेले, म्हणून कौटुंबिक न्यायालयाने माफी नाकारली होती. उच्च न्यायालयाने ती दिली, कारण उरलेला हप्ता हुकूमनाम्यानंतर द्यायचा असे अटींमध्येच लिहिलेले होते. थोडक्यात, वेळ वाचवला तो अटींच्या मजकुराने. लवकर सुटका हवी असेल, तरी शोधायचा तो चांगला लिहिणारा वकीलच.

‘दोघांची संमती आहे, मग वकिलाचे काम ते काय, छापील मसुदा भरला की झाले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अशा छापील मसुद्यांमुळे जे हाल होतात, त्यांचे मुख्य कारण घर आहे. समजा सीवूड्समधला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि गृहकर्जही दोघांनी मिळून घेतले आहे. अटींमध्ये लिहिले जाते की घर तिचे, उरलेले हप्तेही तीच भरेल. हे वाक्य नवरा-बायकोवर बंधनकारक आहे, बँकेवर नाही. बँक या प्रकरणात पक्षकारच नसते. हप्ते थकले तर बँक त्याच्याही मागे लागते आणि त्याचे पुढचे कर्ज अडते. म्हणून बँकेकडून त्याचे नाव कर्जातून कधीपर्यंत काढून घ्यायचे, ते नाही झाले तर काय, हे तारखेसह लिहावे लागते. नावावरचा हिस्सा सोडायचा तर त्यासाठीचा दस्त कोणता आणि केव्हा नोंदवायचा, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात नवरा-बायकोने राहते घर एकमेकांना बक्षीसपत्राने दिले तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. ही सवलत नात्यावर टेकलेली आहे आणि हुकूमनाम्यानंतर ते नातेच उरत नाही. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर सिडकोचे हस्तांतरणाचे नियम, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, भविष्य निर्वाह निधी आणि विम्यातली नामनिर्देशने, हे सगळे ओळीने येते. मुलांच्या बाबतीत तर ‘वडिलांना भेटीचा हक्क राहील’ एवढे एक वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाचे बियाणेच. कोणता वार, किती वाजता, कुठून घ्यायचे आणि कुठे सोडायचे, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण नाकारू शकतो, शाळेची फी वाढली तर वाढीव रक्कम कोणी भरायची, हे लिहिलेले असले पाहिजे. आणि आईने मुलाची पोटगी सोडून दिली असे कोणी लिहून घेतले, तर ते टिकत नाही. तो हक्क मुलाचा आहे, सोडण्याचा अधिकार आईला नाही. पहिल्या याचिकेनंतर एकाने माघार घेतली तर काय, हेही आधी ठरवावे लागते. मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले की हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकलेली असली पाहिजे. एक जण फिरकला नाही म्हणून त्याची संमती गृहीत धरता येत नाही. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देणे किंवा सगळी शेवटी ठेवणे, दोन्ही अविचाराचे. ती टप्प्याटप्प्याने बांधणे हे वकिलाचे कसब.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की ही सगळी भाषा समजूतदार माणसांसाठी आहे. घरात मारहाण होते, नवरा उत्पन्न लपवतो, सासरचे घराबाहेर काढतात, तिथे मसुदा काय कामाचा? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. मारहाण असेल तर समुपदेशनाच्या तारखांची वाट पाहत बसू नये. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षणाचा, राहण्याच्या हक्काचा आणि अंतरिम खर्चाचा अर्ज लगेच करावा, तोही स्त्री तात्पुरती राहत असेल तिथे करता येतो. पण हा अर्जही टिकतो तो तारखा, वैद्यकीय कागद आणि पोलिसांकडच्या नोंदी यांच्यावर. उत्पन्नाचेही तसेच. नागपूरमधून वर गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे तपशीलवार शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. महापेच्या कंपनीतल्या पगारदाराची स्लिप सहज मिळते. वाशीच्या बाजार समितीत रोखीचा व्यवहार करणाऱ्याचे काय? किंवा ज्या गावठाणातल्या कुटुंबाला साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळाला, त्यावर इमारत उठली, भाडे येते, पण कागदावर सगळे सासऱ्याचे? तिथे लागतो तो सातबारा, दुय्यम निबंधकाकडची इंडेक्स-दोनची नोंद, जीएसटीची विवरणे आणि वाहनांच्या नोंदी चिकाटीने गोळा करून शपथपत्रातली खोटी ओळ उघडी पाडणारा वकील. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी सामायिक घरात राहण्याचा सुनेचा दावा उभा राहू शकतो, हे ऑक्टोबर 2020 च्या निकालानंतर प्रस्थापित आहे. खंबीरपणा म्हणतात तो हाच.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: चार ठिकाणी केसेस टाकल्या की समोरचा नमतो. काही वेळा नमतोही. पण प्रत्येक केसची स्वतंत्र तारीख, स्वतंत्र खर्च असतो, आणि छळाची फौजदारी तक्रार दोघांनी मिटवली असे म्हटल्याने मिटत नाही; ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावे लागते. खऱ्या छळाची तक्रार करायलाच हवी. दबावासाठी म्हणून केलेली तक्रार मात्र तडजोडीच्या दिवशी दोघांच्याही गळ्यात अडकते. लढाईचा शेवट कागदावरच होतो, याचे जुने उदाहरण म्हणजे मराठी समाजाला हलवून सोडणारा रखमाबाईंचा विवाहाचा दावा. तो घटस्फोटाचा नव्हता, नांदायला येण्यासाठी नवऱ्याने 1884 मध्ये लावलेला होता. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलानंतर 1887 मध्ये तो फिरला, तुरुंगाची वेळ आली, आणि 1888 मध्ये शेवट झाला तो दोन हजार रुपये देऊन केलेल्या समझोत्याने. त्या लढ्याचे सामाजिक मोल मोठेच होते. संमतिवयाच्या कायद्यापर्यंत त्याचे पडसाद गेले. पण त्या बाईंची सुटका झाली ती तडजोडीच्या कागदाने.

असा वकील शोधायचा कसा? बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे मोठमोठी आश्वासने देत स्वतःहून दार ठोठावणारा वकील नियम मोडूनच आलेला असतो. सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची आहे ना, हे विचारण्यात अपमान नाही. फी टप्प्यावर आहे की तारखेगणिक, तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी लिहून घ्यावे. मिळणाऱ्या पोटगीत टक्का मागणे नियमबाह्य आहे. पूर्वी लिहिलेल्या संमतीच्या अटींचा नमुना, नावे खोडून, दाखवायला सांगावा. माझ्या मते एवढी एक मागणी बाकी सगळ्या चौकशीपेक्षा जास्त सांगून जाते. पैसे नसतील तर स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे, आणि 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात त्यांना घटस्फोट व पोटगीच्या दाव्यांत न्यायालयीन शुल्कही माफ आहे. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील हा समज सोडावा. त्यालाही हेच सगळे प्रश्न विचारता येतात. केस दाखल झाल्यावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे ई-कोर्ट्सवर पुढची तारीख आणि झालेले आदेश स्वतः पाहता येतात. वकील बदलावासा वाटला तर बदलता येतो. फी थकली म्हणून त्याला कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच ठरवले आहे. हुकूमनामा हाती आला की त्याच्या एकापेक्षा जास्त प्रमाणित प्रती लगेच काढाव्यात, कारण बँक, सोसायटी, सिडको, पासपोर्ट कार्यालय आणि मुलांची शाळा, प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाते.