एकात्मता कोणाच्या अटींवर? हंगेरीतील रोमा समाजाचा अनुभव

अनेक वंशांच्या, धर्मांच्या आणि भाषांच्या लोकांनी बनलेल्या आधुनिक समाजात सामाजिक एकात्मतेची चर्चा वारंवार होत असते. या चर्चेत एक गृहीतक बहुधा न तपासताच स्वीकारलेले आढळते. ते असे की, बहिष्कृत गट बहिष्कृत राहतो तो त्याच्या वेगळेपणामुळे. त्याने बहुसंख्याकांची भाषा, धर्म आणि राहणी स्वीकारली की मधली भिंत आपोआप कोसळेल. प्रस्तुत लेखात हे गृहीतक हंगेरी या मध्य युरोपीय देशातील रोमा समाजाच्या अनुभवावर तपासून पाहावयाचे आहे. हाच समाज निवडण्याचे कारण वाचकांच्या ध्यानी पुढे येईलच.

रोमा म्हणजे ज्यांना युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवले गेले ते लोक. हे लोक इजिप्तमधून आले अशा गैरसमजातून तो इंग्रजी शब्द निघाला. वास्तविक त्यांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे गेले आणि पंधराव्या शतकापर्यंत हंगेरीत पोहोचले. याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या रोमानी भाषेत आहे. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नाख', जिभेला 'छिब', माणसाला 'मनुष' आणि खेड्याला चक्क 'गाव'. डोळ्याला 'याख' हा शब्द आहे. पालि 'अक्खि' ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो परका वाटणार नाही. एक ते सहा व दहा हे अंक भारतीय वळणाचे आहेत; सात, आठ आणि नऊ मात्र ग्रीकमधून घेतलेले. बायझंटाइन साम्राज्याच्या प्रदेशात या लोकांचा दीर्घकाळ मुक्काम झाला, त्याची ही खूण होय.

तेथेच त्यांना एक नावही चिकटले. एका पाखंडी मानलेल्या पंथाचे 'अथिंगानोई' हे ग्रीक नाव त्यांना लावले गेले आणि हंगेरियन 'त्सिगान्य' हा शब्द त्यापासूनच आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ स्पर्श न करणारे, किंवा ज्यांना स्पर्श करावयाचा नाही असे लोक.

एवढे वाचल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल की, हे तर आपलेच रक्ताचे बांधव, भारतातून गेलेले अस्पृश्य. सभा-संमेलनांतून असे विधान उत्साहाने केले जाते. माझ्या मते या विधानापासून दोन कारणांनी दूर राहावे. पहिले, रोमांचे पूर्वज भारतातील कोणत्या सामाजिक स्तरातून निघाले याविषयी विद्वानांत एकमत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तथागतांनी स्पष्ट केले आहे की गवत, वृक्ष, पशु, पक्षी यांच्यात जन्मजात भेद दिसतात, तसे मनुष्यामनुष्यांत दिसत नाहीत. ज्या धम्माने रक्ताचा आधार नाकारला, त्याच्या अनुयायांनी बंधुत्वासाठी रक्ताचा शोध का घ्यावा? नाते आहे ते परिस्थितीचे. ते सिद्ध करण्यास वंशावळ लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोमांना 'आपल्यात सामावून घेण्याचे' प्रयत्न हंगेरीत अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने 1758 पासून एकामागून एक फर्माने काढली. भटकणे बंद करून एका जागी स्थिर व्हावे, असा हुकूम निघाला. 1761 मध्ये त्यांचे जुने नाव रद्द करून त्यांना 'नवे हंगेरियन' म्हणण्याचे ठरले. 1773 मध्ये त्यांच्या आपसातील विवाहांवर बंदी आली आणि पाच वर्षांवरील मुले आईबापांपासून काढून शेतकरी कुटुंबांत वाढवावीत, असा आदेश देण्यात आला. तिचा पुत्र दुसरा जोसेफ याने त्यांच्या भाषेच्या वापरावरही निर्बंध घातले. अंमलबजावणी अर्धवट झाली हे खरे. तथापि ज्या धोरणात आईच्या मांडीवरून मूल उचलणे हे एकात्मतेचे साधन ठरते, त्याला विलीनीकरण म्हणणेही सौम्य होईल.

विसाव्या शतकात नाझी राजवटीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील लाखो रोमांना ठार मारले. त्यानंतर आलेल्या साम्यवादी शासनाने सामावून घेण्याचे जुनेच काम नव्या परिभाषेत हाती घेतले. 1961 साली सत्ताधारी पक्षाने ठराव केला की, रोमा हा स्वतंत्र राष्ट्रीय अल्पसंख्याक गट नसून केवळ एक मागासलेला सामाजिक स्तर आहे. रोजगार, घरे आणि शाळा मिळाल्या की तो इतरांत मिसळून जाईल. या धोरणाचा लाभ झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. समाजशास्त्रज्ञ इश्त्वान केमेन्य यांनी 1971 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत काम करण्याच्या वयातील सुमारे 85 टक्के रोमा पुरुष नोकरीत असल्याचे आढळले. ते खाणीत, पोलादाच्या कारखान्यात आणि बांधकामावर राबत. ईशान्य हंगेरीतील खेड्यांतून राजधानी बुडापेस्टकडे मजुरांना नेणाऱ्या आगगाड्यांना लोक 'काळी गाडी' म्हणत. आठवडाभर कामगारांच्या वसतिगृहात राहावयाचे आणि शेवटी त्याच गाडीने घरी परतावयाचे, असा क्रम होता.

1989-90 मध्ये राजवट बदलली. ओझ्द आणि मिश्कोल्त्स येथील पोलाद उद्योग कोसळला, खाणी बंद पडल्या. सर्वांत खालच्या पायरीवरील अकुशल कामगार सर्वांत आधी घरी पाठविला गेला, आणि तो बहुतांशी रोमा होता. 1993 मध्ये तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा नोकरीत असलेल्या पुरुषांचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आत आले होते. एका पिढीने मिळविलेले दोन-चार वर्षांत नाहीसे झाले.

याच पाहण्यांतील भाषेविषयीची आकडेवारी मला अधिक बोलकी वाटते. 1971 मध्येच दहांपैकी सात रोमांची मातृभाषा हंगेरियन झालेली होती; 2003 च्या पाहणीत हे प्रमाण 85 टक्क्यांच्या पुढे गेले. धर्माने बहुसंख्य रोमा ख्रिस्तीच होते. म्हणजे आपली भाषा त्यांनी सोडली, बहुसंख्याकांचा धर्म घेतला, भटकंती तर केव्हाच संपली होती. सामावून जाण्यासाठी जे जे मागितले गेले ते ते त्यांनी देऊन टाकले. तरीही वस्ती गावाबाहेरच राहिली. 2008 व 2009 मध्ये एका टोळीने रोमा वस्त्यांवर केलेल्या हल्ल्यांत सहा जणांचा बळी गेला. तातारसेंतग्योर्ग्य या गावी पेटविलेल्या घरातून बाहेर पळणारा बाप आणि त्याचा लहान मुलगा गोळ्यांना बळी पडले.

हे चित्र आपल्याला नवे नाही. चोखामेळा मराठीतच अभंग रचीत होते, विठ्ठलाचीच भक्ती करीत होते. त्यांची समाधी मात्र पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर राहिली आणि त्यांच्या समाजाला मंदिरात प्रवेश मिळण्यास 1947 साल उजाडावे लागले. सांस्कृतिकदृष्ट्या महार समाज महाराष्ट्राशी एकरूप नव्हता, असे कोण म्हणेल? कायद्याचीही कथा तीच. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये केला, महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तळे खुले असल्याचे जाहीर केले, तरी 20 मार्च 1927 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले.

हंगेरीत तळ्याची जागा शाळेने घेतली आहे. रोमा मुलांना मतिमंद ठरवून विशेष शाळांत घालण्याची प्रथा तेथे व शेजारच्या देशांतही दीर्घकाळ चालू होती. 13 नोव्हेंबर 2007 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या खटल्यात हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. 2013 मध्ये न्यिरेग्यहाझा येथील दोन रोमा तरुणांच्या खटल्यात हंगेरीलाही तेच ऐकावे लागले. जेथे शाळा एकच आहे तेथे वर्ग वेगळे. ग्योंग्योश्पता या गावच्या शाळेत रोमा मुले तळमजल्यावर आणि इतर मुले वरच्या मजल्यावर बसत. मे 2020 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे साठ माजी विद्यार्थ्यांना नुकसानभरपाई म्हणून जवळजवळ दहा कोटी फोरिंट रोख देण्याचा निर्णय कायम केला. त्या वेळचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी अशा भरपाईला आधीच जाहीर विरोध केला होता. त्याच वर्षी कायदा बदलून, यापुढे अशी भरपाई पैशांत न देता शिक्षणाच्या रूपाने द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. तळमजल्यावरची ती मुले घरी हंगेरियनच बोलत होती, हे येथे विसरून चालणार नाही.

या पार्श्वभूमीवर तिबोर देर्दाक आणि स्वतः रोमा असलेले यानोश ओर्शोश या दोन शिक्षण-कार्यकर्त्यांना बाबासाहेबांच्या चरित्राचा व विचारांचा परिचय झाला. ते महाराष्ट्रात येऊन गेले, येथील बौद्ध वस्त्या आणि वसतिगृहे त्यांनी पाहिली, बौद्ध संघटनांशी संबंध जोडले. 2007 मध्ये त्यांनी 'जयभीम' याच नावाने आपला समूह स्थापन केला आणि शायोकाझा या बंद पडलेल्या खाणींच्या परिसरातील गावी डॉ. आंबेडकरांच्या नावाने माध्यमिक शाळा सुरू केली. मधेच शाळा सुटलेल्या तरुण-तरुणींना शालान्त परीक्षेपर्यंत नेणे हे तिचे मुख्य काम. बौद्ध म्हणून उभे राहणे त्या देशात सोपे नव्हते. 2011 च्या कायद्याने अनेक लहान धर्मसमूहांची पूर्वीची मान्यता काढून घेतली, त्यात काही बौद्ध समूहही होते. 2014 मध्ये मानवाधिकार न्यायालयाने त्या कायद्याला दोष दिला.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही. वेगळ्या वर्गांना विरोध करावयाचा आणि रोमांसाठी वेगळी शाळा काढावयाची, ही विसंगती नव्हे काय? याचे उत्तर शोधताना पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या इतिहासाकडे पाहावे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले, ते आपल्या मुलांना इतरांपासून दूर ठेवण्यासाठी नव्हे. दारे सर्वांना खुली होती. फक्त तेथे अस्पृश्य विद्यार्थी उपकाराचा धनी नव्हता. पृथक्करण आणि स्वावलंबन बाहेरून सारखे दिसू शकतात. भेद कळतो तो संस्था कोणाच्या निर्णयाने चालते आणि विद्यार्थ्याला कोठे पोहोचविते यावरून. विशेष शाळेतून पुढे वाट नव्हती. शायोकाझाच्या विद्यार्थ्याला मात्र देशातील इतर सर्वांची जी परीक्षा तीच द्यावयाची असते.

रोमा समाजातही सर्व काही एकसंध नाही, हेही नमूद केले पाहिजे. हंगेरियन बोलणारे, रोमानी बोलणारे आणि जुनी रूमानियन बोली जपणारे बेयाश असे त्यांच्यात गट आहेत, आणि एक गट दुसऱ्याला कमी लेखतो. श्रेणीबद्ध विषमतेचे हे रूप आपल्या पोटजातींच्या अनुभवावरून सहज ओळखता येते. 2011 च्या जनगणनेत सुमारे 3 लाख 15 हजार लोकांनी स्वतःची नोंद रोमा म्हणून केली. अभ्यासकांचे अंदाज मात्र त्याच्या दुपटीहून अधिक आहेत. उरलेल्यांनी नाव सांगितले नाही. शहरात घर भाड्याने घेताना आडनाव उच्चारण्यास कचरणाऱ्या आपल्या बांधवांना त्याचे कारण विचारावे लागणार नाही.

त्या शालान्त परीक्षेला हंगेरियन भाषा व साहित्य, इतिहास आणि गणित हे विषय अनिवार्य आहेत. त्यांच्या जोडीला एक परभाषा घ्यावी लागते. इंग्रजी किंवा जर्मन घेण्याची रीत आहे. तथापि रोमानी आणि बेयाश या भाषाही त्या यादीत आहेत. ज्यांच्या आजोबांनी त्या घरात बोलणे थांबविले, ती मुले आता त्या परभाषा म्हणून शिकतात.