दूरस्थ फाईलींचा पारदर्शी वापर

दूरस्थ फाईलींचा पारदर्शी वापर : दुसऱ्या संगणकावर साठविलेली फाईल आपल्याच संगणकाच्या तबकडीवर असल्याप्रमाणे उघडण्याची, वाचण्याची व बदलण्याची सोय. काच मध्ये असूनही जशी जाणवत नाही, तसे मधले संगणक-जाळे वापरणाऱ्यास जाणवत नाही, या अर्थाने येथे ‘पारदर्शी’ हा शब्द योजिला जातो. लेखन, हिशेब वा चित्रकाम यांच्या आज्ञावलींत त्यासाठी फेरफार करावा लागू नये, हे या सोयीचे मुख्य उद्दिष्ट होय.

विकास : एफटीपी या पद्धतीत (पहिला आराखडा १९७१) संपूर्ण फाईल आणून घ्यावी, बदलावी व परत पाठवावी लागते. त्यामुळे एकाच मजकुराच्या परस्परांशी न जुळणाऱ्या प्रती निर्माण होण्याचा संभव असतो. हा दोष टाळण्यासाठी इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात अनेक युनिक्स संगणकांच्या फाईली एकाच नामवृक्षात गुंफणारी ‘न्यूकॅसल कनेक्शन’ ही योजना तयार झाली (१९८२). अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केलेली ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’ (एनएफएस) पुढे सर्वाधिक प्रचारात आलेल्या प्रणालींपैकी एक ठरली.

कार्यपद्धती : कोणतीही आज्ञावली फाईल उघडण्याची वा वाचण्याची विनंती संगणकाच्या परिचालन प्रणालीकडे करते. एनएफएसमध्ये या ठिकाणी ‘आभासी फाईल प्रणाली’ हा मधला थर असतो. फाईल स्थानिक असल्यास तो विनंती तबकडीकडे, दूरस्थ असल्यास जाळ्यामार्फत सर्व्हरकडे धाडतो. आज्ञावलीस दोन्ही उत्तरे सारखीच दिसतात.

हेच कार्य डेस्कटॉपच्या पातळीवरही करता येते. केडीईमधील केआयओ आणि जीनोममधील जीव्हीएफएस (२००८) या यंत्रणा त्या प्रकारच्या होत. मात्र त्यांचा थेट लाभ त्यांना अनुसरून रचलेल्या आज्ञावलींनाच होतो. इतर आज्ञावलींसाठी फ्यूज या सोयीच्या (लिनक्सच्या गाभ्यात २००५ पासून) साहाय्याने दूरस्थ फाईली नेहमीच्या निर्देशिकेत दाखविता येतात.

मर्यादा : स्थळ लपविता आले, तरी अंतर लपविता येत नाही. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदास सु. २ लाख किमी. जातो. म्हणून १,००० किमी. दूरच्या सर्व्हरकडे जाऊन येण्यास किमान १० मिलिसेकंद लागतात. एखाद्या आज्ञावलीने एकामागून एक १,००० लहान वाचने केल्यास निव्वळ प्रवासातच १० सेकंद जातात. यावर उपाय म्हणून प्रती जवळ राखल्या जातात. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘अँड्र्यू’ प्रणालीत फाईल उघडताना तिची प्रत स्थानिक तबकडीवर येते व बंद करताना बदल परत जातात. परंतु दोघांनी एकच फाईल एका वेळी बदलल्यास, शेवटी बंद करणाऱ्याची प्रत टिकते व दुसऱ्याचे काम पुसले जाते.

त्याहून गंभीर प्रश्न अंशतः बिघाडाचा आहे. सर्व्हरकडून उत्तर न आल्यास विनंती पोहोचलीच नाही, की काम होऊन केवळ उत्तर हरवले, हे मागणाऱ्या संगणकास कळत नाही. एनएफएसमध्ये यासाठी दोन पर्याय आहेत : ‘कठोर’ जोडणीत उत्तर येईपर्यंत विनंती पुन्हापुन्हा केली जाते व आज्ञावली खोळंबून राहते, ‘मृदू’ जोडणीत ठरावीक प्रयत्नांनंतर चूक कळविली जाते. आज्ञावलीने त्या सूचनेकडे लक्ष दिले नाही, तर लिहिलेला मजकूर नष्ट होऊनही तो जतन झाल्याचा समज होतो. स्थानिक तबकडी गृहीत धरून लिहिलेल्या आज्ञावलींत असे दुर्लक्ष सहज राहून जाते. सन कंपनीच्याच प्रयोगशाळेतील जिम वाल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये याच उदाहरणाचा आधार घेऊन, स्थानिक व दूरस्थ यांतील भेद पूर्णपणे पुसणे इष्ट नाही, असे प्रतिपादन केले.

यावरून फाईलीचे नाव व स्थान यांबाबतची पारदर्शकता उपयुक्त असली, तरी बिघाडाबाबतची पारदर्शकता घातक ठरू शकते, हे स्पष्ट होते. जतन पूर्ण झाल्याची खात्री करून घेणे, आणि ते न झाल्यास वापरणाऱ्यास तसे उघडपणे सांगणे, ही जबाबदारी अखेर आज्ञावलीवरच राहते.