पट्टीने ‘नाही’ म्हटले तरी

पाळी चुकली की आता औषधांच्या दुकानातून पट्टी आणून घरीच चाचणी करता येते. सोय चांगलीच आहे. पण पट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आपण समजून घेऊ.

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते व सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होते. पट्टी लघवीतले हेच संप्रेरक ओळखते. पेरल्या दिवशी कोणी कोंब शोधत नाही. तशी पाळी चुकण्याआधी चाचणीची घाई करू नये. पाकिटावरची ९९ टक्के अचूकता पाळी चुकल्यानंतर नीट केलेल्या चाचणीची असते.

सकाळची पहिली लघवी घ्यावी. पट्टीची मुदत पाहावी. सांगितलेल्या मिनिटांतच निकाल वाचावा. ‘सी’जवळ रेघ उमटली नाही तर पट्टी बाद. ‘टी’जवळची फिकट रेघही बहुधा ‘होय’च असते. ती नाही आणि पाळीही नाही, तर आठवड्याने पुन्हा पाहावे. तोवर आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत, पिकावर औषध फवारू नये.

‘होय’ आले तरी गर्भ कोठे रुजला, हे पट्टी सांगत नाही. पोटात तीव्र कळ, रक्तस्राव किंवा घेरी आल्यास गर्भ नळीत असू शकतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरच्या मंडळींना आम्ही एवढेच सांगू : एका रेघेवरून सुनेला बोल लावू नका, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.